आठवण ठेवावी लागते

२०१८च्या मे महिन्यात एक बातमी जगभर फिरली : एका गोगलगायीची आठवण काढून दुसऱ्या गोगलगायीत टोचली. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेव्हिड ग्लान्झमन आणि त्यांचे सहकारी यांनी शेपटीला विजेचे झटके देऊन बिचकवलेल्या गोगलगायींच्या चेतापेशींतून आरएनए (केंद्रकातल्या डीएनएवरून तयार होणारा रेणू) काढला आणि झटके न खाल्लेल्या गोगलगायींना टोचला. दुसऱ्या दिवशी याही गोगलगायी झटके खाल्ल्यासारख्या वागू लागल्या. तेव्हापासून स्मृतीचा विषय निघाला की कंपू पडतात. एक कंपू म्हणतो, आठवण पेशीच्या केंद्रकात असते, चेतासंधींचं पुराण आता गुंडाळा. दुसरा म्हणतो, असली सोंगं साठ वर्षांपूर्वीही आली होती, आठवण दोन चेतापेशींच्या सांध्यातच असते. आणि बाजूला उभा राहून हसणारा तिसरा : गोगलगायीला कसली आलीय आठवण!

हा वाद मला फार वाईट रीतीने घातला जातोय असं वाटतं. दोन्ही कंपूंकडचे पुरावे चांगले आहेत, पण ज्या प्रश्नावर ते भांडतात तोच कुणी तपासत नाही. ‘आठवण कुठे असते?’ असं विचारलं की आठवण ही वस्तू आहे, एकदा घडवून कुठेतरी ठेवून दिली की ती पडून राहते, हे आपण न बोलता मान्य केलेलं असतं. मराठीत ‘आठवण राहिली’ असंही म्हणतात आणि ‘आठवण ठेव’ असंही. पहिल्या प्रयोगात आठवण आपोआप टिकते, दुसऱ्यात ती टिकवणं हे कुणाचं तरी काम असतं. गोगलगायीवर सहा दशकं जे काम झालंय ते दुसऱ्या प्रयोगाच्या बाजूने साक्ष देतं, असं माझं म्हणणं आहे. पेशी आठवण साठवत नाही, ती रोज नव्याने उभी करते. हे मान्य केलं तर केंद्रक की चेतासंधी या भांडणातली निम्मी हवा निघून जाते, आणि उरलेल्या निम्म्याचा निकाल प्रयोगाने लावता येतो.

आधी त्या प्राण्याविषयी. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सापडणारी अ‍ॅप्लिसिया ही कवच जवळजवळ लपलेली, मऊ, बोजड सागरी गोगलगाय. (‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण आपण साळसूद माणसांवर मारतो, प्राणिशास्त्रात मात्र या अख्ख्या वर्गाचं नावच ‘उदरपाद’ आहे.) माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, हिच्याकडे सुमारे २०,०००. त्यातल्या काही इतक्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांनी दिसतात, आणि प्रत्येक प्राण्यात त्याच जागी सापडत असल्याने त्यांना क्रमांक देऊन ओळखता येतं. चेताशास्त्रज्ञ एरिक कँडेल १९६२मध्ये पॅरिसला लादिस्लाव टाउकांकडे जाऊन ही गोगलगाय शिकले, तेव्हा सस्तन प्राण्यांचा मेंदू सोडून हे काय, असं त्यांना अनेक जाणत्यांनी सुनावलं होतं. २०००चं नोबेल त्या हट्टालाच मिळालं म्हणायचं.

हिची एक साधी प्रतिक्षिप्त क्रिया आहे. पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीला हलकासा स्पर्श झाला की ती कल्ला आत ओढून घेते. निरुपद्रवी स्पर्श पुन्हा पुन्हा होत राहिला तर दुर्लक्ष करायला शिकते. शेपटीला झटका बसला तर मात्र पुढच्या साध्या स्पर्शालाही दचकून कल्ला बराच वेळ आत ठेवते. एकच झटका असेल तर हा बिचकेपणा काही मिनिटांत ओसरतो. तेच झटके थांबून थांबून, चार-पाच वेळा दिले तर तो दिवसच्या दिवस टिकतो. एक आणि पाच यांच्यामध्ये नेमकं काय होतं? आठवणीच्या रेणवीय पायाचा सगळा अभ्यास या भाबड्या वाटणाऱ्या प्रश्नावर उभा आहे.

१९८६मध्ये हा प्रश्न काचेच्या बशीत आणला गेला. स्पर्श टिपणारी एक संवेदी पेशी, स्नायू हलवणारी एक चालक पेशी, त्यांच्यामधला एक सांधा, आणि झटक्याऐवजी सेरोटोनिनचा थेंब, कारण शेपटीला झटका बसल्यावर गोगलगायीच्या शरीरात हेच रसायन सुटतं. एका मात्रेने सांधा काही मिनिटं बळकट झाला, पाच मात्रांनी दिवसाहून जास्त. मग नवी प्रथिनं तयार होणं बंद पाडणारं औषध घातलं. एका मात्रेचा परिणाम जसाच्या तसा राहिला, पाच मात्रांचा टिकलाच नाही. म्हणजे तात्पुरती आठवण पेशीत आधीच असलेल्या प्रथिनांच्या डागडुजीवर भागते. सेरोटोनिनमुळे पेशीच्या आत चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, त्यामुळे पीकेए हे विकर जागं होतं, पोटॅशियमच्या वाटा मिटतात, कॅल्शियम जास्त आत येतं आणि सांध्यात ग्लुटामेट (पुढच्या पेशीला निरोप देणारं रसायन) जास्त सांडतं. टिकाऊ आठवणीसाठी मात्र नवा माल लागतो, आणि माल हवा तर आदेश केंद्रकापर्यंत जायला हवा. पुन्हा पुन्हा उत्तेजन मिळालं की पीकेए केंद्रकात शिरतं आणि क्रेब-१ या प्रथिनाला जागं करून जनुकं चालू करतं. तिथे दारावर क्रेब-२ नावाचा पहारेकरीही आहे, तो जनुकं दाबून धरतो. १९९५मध्ये प्रतिपिंड टोचून या पहारेकऱ्याला निकामी केलं, तेव्हा जे काम पाच मात्रांनी व्हायचं ते एकीनेच झालं. मला हा प्रयोग फार आवडतो. पेशीचा मूळ कल विसरण्याकडे आहे आणि लक्षात ठेवायला एक बंद दार मुद्दाम उघडावं लागतं, हे त्याने पेशीच्या पातळीवर दाखवलं.

आता चेतासंधीवाल्यांचं म्हणणं, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. क्रेग बेली आणि मेरी चेन यांनी १९८३पासून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की दीर्घकाळ बिचकलेल्या गोगलगायीत संवेदी पेशीचे सांधे करणारे फुगवटे जवळपास दुपटीने वाढलेले असतात. आठवण म्हणजे खरोखरची वाढ, फांदीला फुटलेले नवे धुमारे. त्याहून बळकट पुरावा १९९७चा. एकाच संवेदी पेशीच्या दोन फांद्या दोन वेगळ्या चालक पेशींना जोडलेल्या होत्या. एकाच फांदीवर सेरोटोनिन दिलं, तर तीच फांदी दीर्घकाळ बळकट झाली, दुसरी आहे तशीच राहिली. केंद्रक एकच, डीएनए एकच, तरी बदल एकाच फांदीत. केंद्रकातल्या खुणेला ‘ही फांदी, ती नव्हे’ हे कसं सांगता येणार? सगळी आठवण केंद्रकात आहे म्हणणाऱ्यांनी या एका प्रयोगाला समाधानकारक उत्तर दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

पण चेतासंधीवाल्यांच्या बाजूलाही एक भगदाड आहे, आणि ते त्यांच्याच पुराव्यात आहे. २०१४मध्ये ग्लान्झमन यांच्याच प्रयोगशाळेने बशीतल्या पेशींना सेरोटोनिन देऊन फुगवटे वाढवले, मग आठवण पुसणारा उपाय केला. फुगवट्यांची संख्या मूळ आकड्याला परतली. पण गेले ते फक्त नवे फुगवटे नव्हते. काही जुनेही गेले, काही नवे उरले. आठवण म्हणजे अमुकच फुगवटे असं असतं, तर नेमके तेच जायला हवे होते. याउपर, जिवंत गोगलगायीत आठवण पुसली गेली असं वागण्यावरून दिसत असताना थोडंसं प्रशिक्षण दिलं, एरवी ज्याने काहीच टिकलं नसतं इतकं थोडं, आणि ती परत आली. कुठून आली? सांधे तर मोडलेले होते. आरएनए-पक्षाचा, म्हणजे केंद्रकवाल्यांचा, सर्वांत चांगला पुरावा माझ्या मते हाच. टोचण्याचा प्रयोग त्यानंतरचा.

टोचण्याच्या प्रयोगाचीही टिंगल करून भागत नाही. ज्यांना प्रशिक्षित आरएनए मिळाला त्या गोगलगायींचा आकसून राहण्याचा काळ सुमारे ४० सेकंदांपर्यंत गेला. अप्रशिक्षित गोगलगायींचा आरएनए घेतलेल्यांत असं काही झालं नाही. डीएनएवर मिथाइल गट, म्हणजे जनुकं चालू-बंद ठेवणाऱ्या खुणा, चढवणारी यंत्रणा अडवली तर परिणाम पुसला गेला. बशीतल्या संवेदी पेशी या आरएनएने जास्त उत्तेजनक्षम झाल्या, चालक पेशी झाल्या नाहीत, आणि खऱ्या प्रशिक्षणातही संवेदी पेशींत असाच बदल होतो. याला उत्तर म्हणून जेम्स मॅकॉनेल यांच्या चपट्या कृमींची आठवण करून दिली जाते. प्रशिक्षित कृमी कापून दुसऱ्यांना खाऊ घातल्यावर ते शिकल्यासारखे वागतात, असा त्यांचा दावा १९६०च्या आसपास गाजला होता. १९६६मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांतल्या २३ शास्त्रज्ञांनी उंदरांवर असं स्मृती-संक्रमण आम्हाला जमलं नाही असं एकत्र सही करून जाहीर केलं, आणि विषय बदनाम झाला. पुढे अंधाराची भीती पोचवतं म्हणून गाजलेल्या, १५ अमिनो आम्लांच्या स्कोटोफोबिनचाही बोजवारा उडाला. पण कृमींचा दावा फसला म्हणून गोगलगायीचा फसतो, हे तर्कशास्त्र कुठलं? एखाद्या घराण्यात पूर्वी चोर निघाला म्हणून आजच्या माणसाला कोणी तुरुंगात टाकत नाही.

उलट आरएनए-पक्षाकडे इतिहासातला याहून वजनदार दाखला आहे. १९२८मध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी मेलेल्या जिवाणूंचं काहीतरी जिवंत जिवाणूंत जातं आणि त्यांचा स्वभाव बदलतं हे दाखवलं. १९४४मध्ये अ‍ॅव्हरी, मॅक्लिओड आणि मॅकार्टी यांनी ते काहीतरी म्हणजे डीएनए असं सिद्ध केलं. नमुन्यात प्रथिनाची भेसळ असेल असं म्हणत अनेकांनी वर्षानुवर्षं नाक मुरडलं. आनुवंशिकतेचा पदार्थ असाच एकातून दुसऱ्यात घालून सापडला, मग आठवणीचा का नाही?

हा दाखला मी गंभीरपणे घेतो, आणि म्हणूनच तो त्यांच्यावर उलटतो असं मला वाटतं. अ‍ॅव्हरींचा प्रयोग पटण्याजोगा होता तो जिवाणू ‘बदलले’ म्हणून नव्हे. क्रमांक दोनच्या प्रकारातून आलेल्या, आवरण गमावलेल्या जिवाणूंना क्रमांक तीनच्या प्रकाराचा डीएनए दिल्यावर त्यांच्यावर तिसऱ्याच प्रकाराचं आवरण चढलं, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांवरही. जे दिलं तेच, त्याच्या तपशिलासह, उमटलं. गोगलगायीत काय उमटलं? बिचकेपणा. झटका कुठे बसला, कोणत्या स्पर्शाशी त्याचा संबंध होता, यातलं काही नाही. सगळ्या संवेदी पेशी थोड्या जास्त हळव्या झाल्या तर प्राणी कुठल्याही स्पर्शाला जास्त दचकेल. घरात रात्री कोणी किंचाळलं की सगळे टक्क जागे होतात, पण काय घडलं ते कुणाला ठाऊक नसतं. आरएनएने नेला तो हा जागेपणा. हा शोध मोलाचा आहे, पण त्याला ‘आठवणीचं स्थलांतर’ म्हणणं घाईचं आहे.

तिसऱ्या कंपूला फार जागा द्यायची गरज नाही. गोगलगायीला बालपण आठवत नाही, हे कबूल. प्रसंग मनात पुन्हा उभा करणं तिच्या आवाक्यात नाही, आणि त्याविषयी कल्ला आपल्याला काही सांगणारही नाही. पण टिकाऊ आठवणीसाठी क्रेब लागतं हे १९९४मध्ये फळमाशीत दिसलं आणि त्याच वर्षी उंदरातही. या तिघांचे पूर्वज वेगळे होऊन ५० कोटींहून जास्त वर्षं झाली. इतक्या लांबच्या नातलगांत तीच किल्ली त्याच कुलपाला लागत असेल तर हसणाऱ्याने निदान थोडं थांबावं.

मग वादाचा प्रश्न काय असायला हवा? मला इथे हार्वी आठवतो. प्राचीन वैद्य गेलनच्या परंपरेत रक्त यकृतात तयार होऊन शरीरभर जिरून जातं असं मानत. अ‍ॅरिस्टॉटलचा पक्ष हृदयाला मान देई. रक्ताचं मूळ घर कोणतं, यावर विद्वान शतकानुशतकं भांडले. विल्यम हार्वी यांनी १६२८मध्ये एक गुणाकार केला. हृदयाच्या एका ठोक्यातून बाहेर पडणारं रक्त गुणिले ठोक्यांची संख्या. अर्ध्या तासाचा आकडाच शरीरातल्या सगळ्या रक्तापेक्षा जास्त भरला. खाल्लेल्या अन्नातून इतकं रक्त तयार होणं शक्यच नाही, तेव्हा तेच रक्त फिरत असलं पाहिजे. यकृत की हृदय हा प्रश्न हार्वींनी जिंकला नाही, त्यांनी तो निकामी केला.

स्मृतीतला असा गुणाकार फ्रान्सिस क्रिक यांनी १९८४मध्ये ‘नेचर’मधल्या छोट्याशा टिपणात केला. डीएनए सोडला तर मेंदूतले जवळजवळ सगळे रेणू काही दिवसांत, आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत मोडून नवे येतात. माणसाची आठवण मात्र पन्नास-साठ वर्षं टिकते. मग ती रेणूंत ‘ठेवलेली’ कशी असेल? क्रिक यांनी सुचवलं की रेणू एकेक करून बदलले तरी अवस्था तीच राहावी अशी काही परस्परांना सावरणारी रचना असली पाहिजे. ज्या फुगवट्यांवर चेतासंधीवाले बोट ठेवतात तेही याच नश्वर मालाचे बनलेले आहेत. आणि आरएनए तर त्याहून अल्पायुषी.

अशी रचना खरंच आहे का? गोगलगायीत तिचे निदान दोन नमुने सापडले. कौशिक सी, सुझन लिंडक्विस्ट आणि कँडेल यांनी २००३मध्ये सीपीईबी या प्रथिनाचा प्रायॉनसारखा स्वभाव दाखवला. एक रेणू विशिष्ट वळणाने दुमडला की नंतर येणाऱ्या रेणूंना तो तेच वळण लावतो. जुने जातात, वळण राहतं. हे प्रथिन सांध्यापाशीच नवी प्रथिनं बनवण्याचं काम चालू ठेवतं. २००८मध्ये त्याच गटातल्या संशोधकांनी हे काम प्रशिक्षणानंतर एक दिवसाने थांबवलं, तेव्हा वाढलेले सांधे परत आक्रसले. म्हणजे सांधा वाढवून झालं की काम संपलं असं नाही, वाढलेला सांधा धरून ठेवावा लागतो. तीन दिवसांनंतर मात्र तेच औषध निष्प्रभ ठरलं. इथे कोणी म्हणेल, बघा, शेवटी आठवण घट्ट झालीच! मी म्हणेन, पहारा बदलला. कारण पीकेएम हे सतत चालू राहणारं विकर २०११मध्ये अडवलं गेलं, तेव्हा कधीच तयार होऊन बसलेली आठवण वागण्यातून नाहीशी झाली.

सस्तन प्राण्यांतल्या याच्याच भावंडाची, पीकेएम-झीटाची, कथा वाद वाईट कसा घातला जातो याचं आदर्श उदाहरण आहे. टॉड सॅकटर यांच्या गटाने हे विकर अडवून उंदरांच्या आठवणी पुसल्या, आणि ‘स्मृतीचा रेणू सापडला’ म्हणून गाजावाजा झाला. २०१३मध्ये दोन प्रयोगशाळांनी या विकराचं जनुकच काढलेले उंदीर बनवले. त्यांना सगळं छान आठवत होतं. लगेच ‘स्मृतीचा रेणू खोटा निघाला’ म्हणून उलटा गाजावाजा. २०१६मध्ये कळलं की जनुक नसेल तेव्हा त्याच कुळातलं दुसरं विकर ती जागा भरून काढतं. आणि २०२४मध्ये दिसलं की किब्रा नावाचं प्रथिन पीकेएम-झीटाला बळकट झालेल्या सांध्यापाशी धरून ठेवतं. ही जोडी तोडली की महिनाभर जुनी आठवणही डळमळते. यात खोटं कोण ठरलं? रेणू नाही. ‘एक रेणू म्हणजे एक आठवण’ ही अपेक्षा खोटी ठरली. काम महत्त्वाचं असेल तर एक कामगार गैरहजर राहिला म्हणून पेशी काम सोडत नाही, दुसऱ्याला उभं करते.

यावर एक आक्षेप मला खरोखर टोचतो. ‘आठवण ही प्रक्रिया आहे’ म्हणणं म्हणजे उत्तर टाळणं नाही का? हाडंसुद्धा सतत झिजतात आणि भरतात. म्हणून सांगाडा कुठे आहे हे विचारायचं नाही? बरोबर आहे. प्रक्रियेलाही जागा असते, आणि ‘सगळं प्रवाही आहे’ एवढंच सांगून थांबणारा माणूस काहीच सांगत नसतो. पण सांभाळण्याचा प्रश्न विचारला की कुठे काय होतं याचीही बारकाईने उत्तरं मिळू लागतात. गोड्या पाण्यातल्या तळ्याच्या गोगलगायीवर, लिम्नियावर, केन लुकोवियाक यांच्या गटाने केलेले प्रयोग पाहा. ही गोगलगाय पाण्यात ऑक्सिजन कमी झाला की पृष्ठभागाशी येऊन श्वसनछिद्र उघडते. प्रत्येक वेळी त्या छिद्राला टोचलं तर ते मिटून ठेवायला शिकते. या श्वसनाची लय एका विशिष्ट चेतापेशीवर अवलंबून असते. २००२मध्ये त्यांनी या पेशीचं केंद्रकासह मुख्य शरीर काढून टाकलं आणि फांद्या तेवढ्या ठेवल्या. अशा गोगलगायी शिकल्या, पण ते टिकाऊ झालं नाही. आठवण टिकाऊ झाल्यावर पेशीशरीर काढलं तर मात्र ती आठवण शाबूत राहिली. आणि पुढच्या वर्षी कळलं की आठवण एकदा जागी केल्यावर ती पुन्हा घट्ट व्हायला पेशीशरीर पुन्हा लागतं.

हे वाचताना मी थबकलो होतो. कंपूवाल्यांच्या प्रश्नाला इथे उत्तर नाही, दोघांनाही अर्धं-अर्धं आहे. आठवण घडवायला आणि उलगडल्यावर परत बांधायला केंद्रक हवं. मधल्या दिवसांत फांद्या स्वतःच्या बळावर सांभाळतात. माझा अंदाज असा की केंद्रक ‘किती जोराने, किती काळ’ हे धरतं आणि सांधे ‘नेमकं काय’ हे धरतात, आणि दोघांचं एकमेकांकडे सतत येणं-जाणं असतं. २०१४च्या प्रयोगात सांधे मोडल्यावर थोड्या प्रशिक्षणाने आठवण परतली, त्याचा अर्थ मी असाच लावतो. पेशी हळवी राहिली होती. पत्ता मात्र त्या थोड्या प्रशिक्षणाने नव्याने पुरवला.

हा अंदाज चुकीचा ठरवता येतो, आणि त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. १९८३मध्ये टॉम कॅर्यू, रॉबर्ट हॉकिन्स आणि कँडेल यांनी दाखवलं होतं की अ‍ॅप्लिसिया दोन स्पर्शांमध्ये भेद करायला शिकते. नळीचा स्पर्श झटक्याशी जोडला आणि प्रावाराचा, म्हणजे अंगावरच्या मऊ आच्छादनाचा, नुसता ठेवला, तर ती नळीला जास्त दचकते. उलट जोडलं तर उलट. अशा दोन गटांचा आरएनए काढावा आणि दोन नवशिक्या गटांना टोचावा. टोचणाऱ्याला आणि वेळ मोजणाऱ्याला कुठल्या कुपीत काय आहे हे कळू देऊ नये. दोन्ही गट दोन्ही स्पर्शांना सारखेच दचकले, तर आरएनएने जागेपणाच नेला असं धरायला हरकत नाही. पण पहिला गट नळीला आणि दुसरा प्रावाराला जास्त दचकला, तर वर फांद्या आणि पत्ते यांच्याविषयी मी जे लिहिलंय ते मला खोडावं लागेल.